आपण फक्त ऐकायचं

...आणि वर खुर्ची ही एवढीशी! तुम्हाला सांगतो, पहिलीतल्या पोराच्या मापाची खुर्ची, तिच्यावर सत्तरी ओलांडलेला माणूस बसवायचा, त्याचे गुडघे थेट कानांना भिडवायचे आणि वर मधाळ आवाजात सांगायचं, "आजोबा, अगदी मोकळे होऊन बसा हं!" मोकळे? अहो, त्या खुर्चीत मी एकदा रुतलो की ओढून काढायला माणूस लागायचा, मी मोकळा कुठून होणार!

पण खुर्चीचं सोडा. खुर्चीबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे त्या नियमाबद्दल.

त्याचं असं झालं, उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या सुनेनं नातीचं नाव वाचनाच्या शिबिरात घातलं. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचं शिबिर. आता हे काय प्रकरण आहे ते सुनेनं मला इतक्या वेळा समजावलंय, की मी झोपेतही सांगेन. पोर हुशार असतं, डोळे ठणठणीत, कान ठणठणीत, फक्त छापील अक्षरं त्याच्यापुढे जागच्या जागी उभी राहत नाहीत. ओळ सुटते, शब्द उलटतो, 'घ'चा 'ध' होतो. आमची मुंगी अशीच. मुंगी म्हणजे माझी नात. रांगायच्या वयात सदानकदा साखरेच्या डब्याशी सापडायची म्हणून मुंगी. गोष्ट सांगायला बसली तर तुमच्या ताटातलं अन्न गार होईल, पण पुस्तक उघडलं की तोंड बंद! आणि अलीकडे तर मी संध्याकाळी पुस्तक काढून हाक मारली, की हिच्या पोटात कळ. रोज! मी म्हटलं, अरे, पोरीला डॉक्टरांकडे न्या. सून म्हणाली, "नेलं होतं, बाबा. पोटाला काही झालेलं नाही." आणि माझ्याकडे असं काही बघितलं तिनं... मी आपला चष्मा पुसत बसलो.

अहो, माझी इच्छा तरी काय? ताजमहाल मागतोय का मी? कपाटभर पुस्तकं आहेत. जन्मभर पोटाला चिमटा काढून जमवलेली. मुलगा त्यांना हात लावत नाही, सून फक्त धूळ झटकायला हात लावते, मनापासून वाचते ती एकटी वाळवी. म्हटलं, एक नात आहे, तिनं एकदा माझ्यासमोर बसून एक पान वाचावं. एक पान! म्हणून तर शिबिरात 'मुलासोबत घरचं एक माणूस हवं' म्हटल्यावर मी सगळ्यांच्या आधी चपला घातल्या. मुंगीचा चेहरा पडला, पण उन्हामुळे असेल असं मी समजलो.

तर नियम. शिबिराच्या बाई होत्या तिशीच्या, आवाज मऊ, पण नजर अशी की फळ्यावरचा खडूसुद्धा सरळ उभा राहील. म्हणाल्या, "मूल वाचेल. आपण फक्त ऐकायचं. चूक सांगायची नाही, शब्द पुरवायचा नाही, भुवई उचलायची नाही."

मी म्हटलं, "भुवईसुद्धा?"

"भुवई तर मुळीच नाही, आजोबा."

आता मला सांगा, मी कोण? निवृत्त कारकून! उभा जन्म दुसऱ्याच्या चुका काढण्यात गेला. साहेबांचे मसुदे माझ्या टेबलावरून लाल होऊन जायचे. साहेब आले, साहेब गेले, माझं लाल पेन तिथंच! आणि आता मला सांगतात, आपण फक्त ऐकायचं. कसायाला म्हणायचं, शेळी समोर बांधतो, तू नुसती तिची तब्येत विचार!

पहिला दिवस. मुंगीनं बोट ओळीवर ठेवलं. नावाड्याची गोष्ट होती. वाचते, "ना...वाडी... नावेत बसला." पुस्तकात 'होडीत'! स्पष्ट 'होडीत'! मी म्हटलं, "होडीत." फक्त एवढंच हो, एकच शब्द, तोही हळू! मागून मऊ आवाज आला, "आजोबा, आपण फक्त ऐकायचं."

दुसऱ्या दिवशी मी बोललो नाही. खोकलो. आता खोकला ही काय माझ्या हातातली गोष्ट आहे? पण प्रत्येक चुकीला खोकला येतोय, हे बाईंनी टिपलं.

तिसऱ्या दिवशी मात्र मी पुतळा! चकार शब्द नाही, खोकला नाही, भुवया जागच्या जागी गोठवलेल्या. तरी बाई मला दाराबाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "आजोबा, तुमचे ओठ हलतात. ती अडली की पुस्तकात बघतच नाही, तुमच्या तोंडाकडे बघते."

आणि माझी बदली झाली! अहो, नोकरीत असताना भल्याभल्यांनी माझ्या बदलीसाठी देव पाण्यात घातले होते, कुणाला जमलं नाही. ती या बाईंनी एका वाक्यात करून दाखवली. कुठे? व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपापाशी. पोरांच्या बाटल्या भरून द्यायच्या!

आणि माझ्या जागेवर कोण, विचारा. विचारा तर! कुणाची तरी आजी. ऐसपैस बाई, स्वतःची गादीची खुर्ची घरून घेऊन यायच्या. कानाचं यंत्र पर्समध्ये. कानात नाही हो, पर्समध्ये! पोरगं वाचायला लागलं की ह्यांचे डोळे मिटणार, मान डुलणार, आणि पोरगं थांबलं की झोपेतच म्हणणार, "अगंबाई! मग?" पोरगं पुढे वाचणार. पुन्हा "अगंबाई! मग?" पोरं मुंगीसकट त्यांच्यावर फिदा! मी तिकडे बाटल्या भरतोय, पाणी पायावर सांडतंय, आणि खिडकीतून मुंगीचा आवाज येतोय. वाचतेय! हसत वाचतेय! 'वादळ' सोडून 'वारा' म्हणतेय, एक अख्खी ओळ गिळून पुढच्या ओळीवर चाललीय, आणि तिकडून फक्त, "अगंबाई! मग?"

मला राहवलं नाही. मधल्या सुट्टीत गेलो त्या आजींपाशी आणि ओरडलो, "अहो, तुम्हाला ऐकू तरी येतं का?" सगळा वर्ग वळून बघायला लागला. आजींनी शांतपणे पर्समधून यंत्र काढलं, कानात घातलं, म्हणाल्या, "नाही येत. यातून नुसता पंखा ऐकू येतो, म्हणून काढून ठेवते. पोरं थांबली की मांडीला हात लावतात, मग मी 'मग' म्हणते." आणि यंत्र परत पर्समध्ये! आता बोला! कपाटभर पुस्तकं वाचलेला माणूस पाण्यापाशी, आणि जिला काही ऐकू येत नाही ती श्रोत्यांची महाराणी!

मग मीही पेटलो. म्हटलं, मीही गप्प बसून दाखवतो. घरी सराव सुरू केला. सकाळी बायको पेपर मोठ्यानं वाचते, ती तिची जुनी खोड. एका बातमीचा मथळा आणि दुसरीचा मजकूर असं जोडून वाचते. एरवी मी तिला पहिल्या वाक्यातच अडवतो. त्या दिवशी टेबलाची कड घट्ट धरली आणि गप्प बसलो. तिनं पान उलटलं. मी गप्प. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अहो, बरं वाटत नाहीये का?" मी मान हलवली. तिनं आत जाऊन मुलाला फोन केला, "अरे, लवकर ये, तुझे बाबा काही बोलत नाहीयेत." मुलगा धावत रक्तदाबाचं यंत्र घेऊन आला! या घरात माणसाला सुधारायचीसुद्धा सोय नाही.

शेवटचा दिवस उजाडला. प्रत्येक पोरानं आपल्याला हवा तो श्रोता निवडायचा आणि सगळ्यांसमोर एक पान वाचायचं. मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला, केसांवरून हात फिरवला, भिंतीला टेकून उभा राहिलो. आणि झालं काय? सगळी पोरं त्या आजींसमोर रांगेत! त्या रांगेत माझी मुंगी. शेवटून दुसरी. मी परत ग्लास उचलला, कुणालाही तहान नव्हती तरी भरला.

तेवढ्यात कुणीतरी सदरा ओढला. मुंगी. म्हणाली, "आजोबा, तिकडे खूप रांग आहे. तुम्हीच बसा."

ऐकलंत? प्रेमानं नाही, मान म्हणून नाही... रांग मोठी म्हणून! पण म्हटलं, असेना. फ्रॉकच्या खिशातून तिनं एक लिमलेटची गोळी काढली, माझ्या तोंडात कोंबली. "चावायची नाही. ही असेपर्यंत बोलायचं नाही."

पुन्हा ती खुर्ची, पुन्हा गुडघे कानांशी. मुंगी वाचायला लागली. तोच नावाडी, तीच नाव... होडी! मी गोळी गालात फिरवतोय. एक चूक, गोळी डावीकडे. दुसरी चूक, गोळी उजवीकडे. आणि अर्ध्या पानावर ती अडली. एका शब्दावर बोट थांबलं ते थांबलंच. शब्द माझ्या जिभेच्या टोकावर, गोळीच्या शेजारी येऊन बसलेला, तुम्हाला सांगतो, नुसता धक्का द्यायचा अवकाश! आणि तिनं मान वर केली. माझ्या तोंडाकडे बघायला.

आता काय करू? ओठ माझे, पण माझं ऐकतील याची खात्री मला नव्हती. हात नेऊन तोंड झाकावं तर तेही तिला दिसणार. म्हटलं, निदान तिची ही नजर तरी नको बघायला. मी डोळे मिटले. गच्च मिटले. मान छातीवर टाकली, म्हणजे तोंडच दिसायला नको.

मलाही ऐकू येतोय तो नुसता पंखा.

मग पान जरासं सरकल्याचा आवाज आला. आणि मुंगी म्हणाली, "कि...ना...किनाऱ्याला लागला." 'किनाऱ्याला'! कुणी न सांगता! आणि मग चालू लागली हो, अडत, धडपडत, स्वल्पविराम तुडवत, पार पानाच्या शेवटापर्यंत. गोळी केव्हाच विरघळली होती. मी तोंड उघडलं नाही. डोळेही नाही उघडले; त्यांचं ते वेगळंच काहीतरी चाललं होतं.

टाळ्या झाल्या. मी रुमाल शोधतोय, म्हटलं आता नात गळ्यात पडणार. मुंगी वाकून माझ्या तोंडाकडे बघते आणि म्हणते, "आजोबा, झोपलात?"

झोपलात! जन्मात पहिल्यांदा हा माणूस कुणाचंतरी शेवटपर्यंत ऐकतो, आणि... मी सांगणारच होतो, पण तिचा चेहरा असा काही फुलला होता! म्हणाली, "बरं झालं! झोपलेल्या माणसासमोर मला छान येतं."

आता रोज संध्याकाळी, पोटात कळ नाही, काही नाही, कपाटातून स्वतः पुस्तक काढते आणि हुकूम सोडते, "आजोबा, झोपा. मला वाचायचंय." मी आडवा. डोळे मिटून. माझ्या कपाटातली एकेक थोर पुस्तकं माझ्या उशाशी धारातीर्थी पडतायत, आणि मी काय करायचं? आपण फक्त ऐकायचं!

बरं, तेही नुसतं पडून चालत नाही. खरं वाटलं पाहिजे ना, म्हणून घोरावं लागतं. काल मध्येच थांबली. म्हटलं, अडली वाटतं. तर म्हणते कशी, "आजोबा, तुमचं चुकतंय. असं नसतं घोरायचं. परत म्हणा बघू."

मी परत घोरलो.