बोगद्यातले दिवे

...कोणी म्हणून कोणी विश्वास ठेवला नाही हो माझ्यावर! भर दुकानात घसा फोडून सांगत होते, मेलं कोणी नाही, बायांनो, मेलं कोणी नाही! पण ऐकायचंच नसेल माणसाला, तर काय त्याचे कान उपटून हातात द्यायचे?

तुम्हाला सांगते, मे महिना, थंडीच्या संतांचे दिवस, म्हणजे त्या संतांच्या सणांना गेलेली थंडी हटकून परत येते ते. दुपारी घाम आणि रात्री कडाका. माझी टोमॅटोची रोपं बागेत, कमानींवर प्लॅस्टिक ताणून केलेल्या बोगद्यात. फेब्रुवारीपासून खिडकीत दह्याच्या डब्यांत वाढवलेली, ऊन येईल तशी फिरवलेली! आईच्या घरचं बी, गुलाबी फळ, कापलं की ताट भरतं... आणि मी शहाणी, होतं नव्हतं ते सगळं यंदाच पेरून बसले. मागं चिमूटभर नाही! आणि सकाळी रेडिओवाला म्हणतो, आज रात्री पाणी गोठणार.

मग काय करायचं? माझी आई करायची तेच. थडग्यांवर ठेवतात ना, लाल काचेचे, झाकणाचे दिवे? ते आणायचे, रोपांच्या मधे ठेवायचे, रात्रभर जळतात, ऊब राहते. म्हणून गेले स्मशानाच्या फाटकाशी, हालिनाच्या दुकानात. धावत गेलेली, दम लागलेला, अंगात बागेतलं काळं जाकीट, नाक वाहतंय...

हालिना काउंटरवर हात ठेवून म्हणते, "बोगुमिला! किती देऊ?"

म्हटलं, "असतील तेवढे दे."

"अगं बाई! झेनॉनभाऊ?"

आमचे हे! कंबर धरली म्हणून आठवडाभर बागेत दिसले नव्हते ना! म्हटलं, "अगं, मेलं कोणी नाही! टोमॅटोंना हवेत!" तर माझा हात धरून पुटपुटते काय, "हो गं हो... धक्क्यानं होतं असं. रडून घे."

टोमॅटोंना! असं ऐकूनसुद्धा!

संध्याकाळी दिवे लावले, बोगद्याचं दार खाली ओढलं, कडेनं विटा ठेवल्या. आत सगळं लाल लाल, उबदार! आणि बघते तर बागेच्या फाटकातून माणसं येतायत... फुलं घेऊन! पुढं शेजारचे म्हातारे चेस्वावकाका, टोपी छातीशी, पाठीमागं हालिना चीजकेक घेऊन, तिच्या मागं अख्खी गल्ली. काका त्या लाल उजेडाकडं बघून छातीवर क्रूसाची खूण करतात आणि म्हणतात, "इथंच ठेवलाय का गं त्याला?"

अहो, म्हटलं, मेलं कोणी नाही!

तेवढ्यात बागेतल्या आमच्या झोपडीचं दार उघडलं आणि आमचे हे बाहेर आले, लांब चड्डीत, कंबरेला माझी शाल बांधून, हातात लोणच्यातली अख्खी काकडी. हालिना अशी किंचाळली, की कुत्री पळाली! आणि याला काही लाज? विचारतो, "काय काय बोलत होता माझ्याबद्दल? चालू द्या ना!"

मग काय, चालू! काका म्हणाले, मनाचा मोठा होतास. याचे डोळे पाणावले! तीस वर्षांत मी कधी बोलले नसेन तेवढं चांगलं त्या एका संध्याकाळी ऐकलं त्यानं. मी आत चहा करतेय, पाव कापतेय, जिवंत नवऱ्याच्या पाहुण्यांना चीजकेक वाढतेय! बाहेर याचा आवाज, "या, या, माझे दिवे बघून जा!" झुंडच्या झुंड बोगद्यात! हालिना म्हणते, "किती सुंदर सजवलंय हो!"

सगळे गेले, मी अंथरुणावर पडले ती मेल्यासारखी झोपले. सकाळी दारात पाऊल टाकलं तर गवत गोठलेल्या दवानं पांढरं, कुरकुरीत. धावले. बोगद्याचं दार वर गुंडाळलेलं! विटा बाजूला, कशा नीट रचून ठेवलेल्या! आणि आत रोपं... काळी, मऊ, शिजवलेल्या पालकासारखी वाकलेली. आईचं बी! अहो, दिवे अजून जळत होते. गुडघ्यांवर बसले तिथं.

चेस्वावकाका फाटकावरून डोकावले. "कोण गेलं गं?" म्हणतात.

म्हटलं, सगळे गेले, काका. या आत. फुलं कालचीच चालतील, दिवे लावलेलेच आहेत. आणि मारणारा कोण विचारता? तो बघा, कंबरेला माझी शाल बांधून उरलेला चीजकेक खातोय... झेनॉन!