नाटकातला पंप

मध्यंतरात चहाच्या रांगेत एक बुजरे आजोबा खालमानेने उभे होते. पुढच्या जोडप्याचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं.

"चल, घरी जाऊ."

"अहो, लेकीचं पहिलं नाटक! गेल्या महिन्यात नदीवर जाऊन टिपलेले आवाज किती हुबेहूब दिलेत तिने!"

"त्यातली ती अडखळती घरघर आमच्या कारखान्याच्या पंपाची आहे. घाण पाणी नदीत सोडतो तो."

"तो तर तुम्ही दोन वर्षांपूर्वी बंद केलात ना?"

"हळू बोल."

"अहो, केलात ना?"

"पहाटे चालवतो अजून."

"अगबाई! आणि लोकांना शपथेवर सांगितलंत?"

"तिला कुठे कळतंय तो कुठला पंप ते?"

"लहानपणी रोज तुमचा डबा घेऊन तिथेच यायची ती. कळलं नसतं, तर आज हट्टाने तुम्हाला पहिल्या रांगेत कशाला बसवलं असतं?"