नॉब दोनवर होता

नाही नाही, दुरुस्त नाही करायचा हा डबा, काका—चालतोय तो, चांगला चालतोय—फक्त उघडा आणि आत काय केलंयत ते मला सांगा. तुम्हीच बनवलाय. मागे बघा, चार सॉकेट, पुढे नॉब, आणि नॉबभोवती लाल पेनने एक, दोन, तीन, चार—ते आकडे माझे आहेत. एक टेप, दोन रेडिओ, तीन टीव्ही, चार माईक. आठवलं? अंबरनाथची, बुवापाड्याची—वहीच्या पानावर चित्र काढून आणलं होतं मी, आणि तुम्ही शेठना म्हणालात, पोरीने आपलं अर्धं काम केलंय—हां, तीच मी. शेठ नाहीत ना आत्ता? बरं झालं. त्यांच्यासमोर मला बोलताच आलं नसतं, ते लगेच म्हणतात, बहनजी, लेना क्या है बोलो, आणि मला घ्यायचं काहीच नाहीये. मला एवढंच विचारायचंय—नॉब दोनवर असला, रेडिओ लागलेला असला, तर माईकमधलं स्पीकरवर येतं का? नाही ना येत? तेवढं सांगा की मी निघाले—नाही, थांबा, असं लगेच नका सांगू. आधी उघडा.

अण्णांसाठी होता हा. वडील माझे. तीस वर्षं कंपनीत हॅमरवर काढली—तो लोखंड ठोकायचा मोठा हॅमर असतो ना, घराएवढा, त्याच्या शेजारी उभं राहून—डावा कान पुरता गेला, उजव्यात थोडंसं उरलं होतं, तेही आवाज अगदी कानाशी आला तर. मग घरात टेप फुल, रेडिओ फुल, टीव्ही फुल. शेजारच्या जनाबाई म्हणायच्या, महिपतीराव, तुमच्या बातम्यांमुळे आम्ही पेपर बंद केला. ते त्यांना ऐकूच यायचं नाही, ते हसून मान हलवायचे. म्हणून मी खिडकीशी टेबल लावून दिलं—ॲम्प्ली, दोन छोटे स्पीकर, त्यातला एक उजव्या कानाशी, विटेवर उंच करून. पण दर वेळी टेपची पिन काढा, रेडिओची घाला, टेबलामागे वाकून, चाचपडून—एकदा शॉक बसला त्यांना, बोटं काळी पडली—तेव्हा हा डबा करायचं ठरलं. आणि माईक ही माझीच कल्पना. कुणाची नाही, माझीच. जेवायला बोलवायचं तर आई मागून जाऊन खांदा हलवायची आणि ते केवढ्याने दचकायचे. मीही तशीच आहे, आई म्हणते, बापाचं नेमकं हेच उचललंस. त्यामुळे मला माहितीय ना, मागून हात लागला की माणूस कसं उडतं ते. म्हणून स्वयंपाकघरात मसाल्याच्या फळीखाली खिळा ठोकला, त्याला माईक टांगला, वायर भिंतीवरून टेबलापर्यंत. आईचे हात कायम पिठाचे, ती कुठे बटण सरकवणार—म्हणून मी बटण चालूवर केलं आणि वर दोरा गुंडाळला. चालूच राहिला तरी काय, मध्ये नॉब आहे, चारवर नसेल तर येणार कुठून. एवढं फिजिक्स येतं मला. शेवटचं वर्ष आहे माझं—

आई गं. काय पडलं? स्क्रू? स्क्रूच ना. माफ करा, पुढे उघडा.

तर पहिल्याच आठवड्यात अण्णा चिडले. नॉब रेडिओवर असला की हाक येईना. म्हणाले, मग मी काय चारवर बसून तुमच्या कुकरच्या शिट्ट्या मोजू? बरोबरच होतं त्यांचं, आणि चूक माझ्या चित्रात होती. म्हणून मी डबा परत घेऊन आले, आणि तुम्ही म्हणालात, ठेवून जा, बघतो काय होतंय ते. बघतो म्हणालात, काका. करतो म्हणाला नव्हतात. मला पक्कं आठवतंय, मी किती वेळा आठवून बघितलंय. शुक्रवारी माझं प्रॅक्टिकल होतं म्हणून अण्णा स्वतः आले न्यायला. तुम्ही त्यांना काय सांगितलंत? लिहून दाखवलंत का? नाही, बोललेलं त्यांना कळलं नसतं, लिहूनच दाखवलं असेल. घरी आले ते असे खुशीत—मला वायरला हात लावू दिला नाही, सगळं स्वतः जोडलं, आणि ओरडून म्हणाले, आता बघा गंमत. ओरडूनच बोलायचे ते, हळू त्यांना जमायचंच नाही. आम्ही हसलो. कसली गंमत ते कुणी विचारलं नाही. आणि आई शुक्रवारी खांदाच हलवत राहिली, शनिवारीही खांदाच, सवय तिला. माईकमधून हाक मारून बघितलीच नाही कुणी. मी मारायला हवी होती. मला वाटलं, सावकाश बघू, डबा कुठे पळून जातोय.

ते वाट बघत असतील का, काका, दोन दिवस? कुणीतरी हाक मारेल म्हणून?

रविवारी सकाळी भगवंतमामा आले. मला बघून गेलेल्यांचा निरोप होता, शिरगावचे लोक, मुलगा ऑफिसात नोकरीला. मुलगी पसंत आहे, पण वडील बहिरे आहेत, ते रक्तातलं असलं तर उद्या मुलांचं काय—असा निरोप. तिसरं स्थळ. तिघांचं तेच. हॅमरने कान जातात, रक्ताने नाही, हे मी कुणाच्या दारात जाऊन सांगू? आम्ही तिघंही स्वयंपाकघरातच होतो—आई चुलीपाशी, मामा उंबऱ्यावर, मी फळीखाली तांदूळ निवडत. अण्णा बाहेर, टेबलाशी, पाठ आमच्याकडे. नॉब दोनवर होता. मी बघितलाय, मामांना पाणी द्यायला गेले तेव्हा बघितलाय, रेडिओ चालू होता, दोनवर होता. आणि आमच्या घरची रीत कशी—कशी सांगू—अण्णांची पाठ असली की अण्णांबद्दल काहीही बोलायचं. तोंड समोर असलं की जपायचं, ते ओठ वाचायचे थोडे. पाठ फिरली की मोकळं. वाईट म्हणून नाही, काका. माणूस जसं भिंतीसमोर बोलतं, तसं. आई बोलली, मामा बोलले, मग मी एक वाक्य बोलले. शिवी नाही की काही नाही. एकच वाक्य, तेही खाली बघून, तांदळात बघून. मामा हसलेसुद्धा.

दुपारी जेवले ते नीट. जेवून स्वतःचं ताट स्वतः घासलं. आई म्हणाली, आज काय नवल. मला विचारलं, तुझी परीक्षा कधी संपते? मी बोटांनी दाखवलं, दोन महिने. बरं, म्हणाले. आणि—हे मी कुणाला सांगितलं नाहीये—हळू म्हणाले. मला पुन्हा विचारावं लागलं, काय म्हणालात?

सोमवारी सकाळी दूध आणायला गेले ते रूळ ओलांडून. मालगाडी होती.

नाही, बसायला नको. उभीच बरी आहे. परवा अण्णांच्या नावाने पुण्यानुमोदन झालं, बदलापूरहून, वांगणीहून, सगळीकडून माणसं आली आणि येणारा प्रत्येक जण तेच म्हणाला, ऐकू आलं नसेल बिचाऱ्याला. ड्रायव्हरने हॉर्न दिला होता म्हणे, खूप दिला. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं, ऐकू येत नव्हतं. आई तेच धरून बसलीय, नशीब म्हणते, ऐकूच आलं नाही त्यांना. जयदेव, माझा भाऊ, तोही. आणि मी सगळ्यांसमोर मान हलवते. पण अण्णा तीस वर्षं तिथूनच जायचे, काका. आणि रुळापाशी आले की थांबायचे, डावी चप्पल काढायचे आणि तळवा रुळाला लावायचे. लहानपणी मला दाखवलंय त्यांनी, माझाही पाय धरून लावलाय—हॅमरवाल्याला कान कशाला हवा, म्हणायचे, लोखंड सगळं सांगतं. गाडी दिसायच्याही आधी कळायचं त्यांना. तर मी जयदेवला विचारलं, तू बघितलंस ना त्यांना, चपला कुठे होत्या? तो म्हणाला, असलं काय विचारतेस? मी पुन्हा विचारलं. म्हणाला, डावी पायातच होती.

म्हणून आले मी. सगळे म्हणतात त्यांना ऐकू आलं नाही, आणि मला तेच हवंय, बाकी काही नको—सोमवारी आलं नाही तसं रविवारीही आलं नव्हतं, एवढंच कुणीतरी डबा उघडून सांगावं. ते काय आहे? ती पिवळी वायर. ती माझ्या चित्रात नव्हती. ती चार नंबरवरून निघून नॉबकडे न जाता सरळ—कुठे जाते? असू दे, तोंडाने नका सांगू. वायर दिसतेय म्हणजे आवाज येतोच असं नाही, सैल असेल, सोल्डर सुटलं असेल, सुटतं ना कधी कधी? लावून बघू. माईक आणलाय मी, पिशवीत आहे, दोरा अजून तसाच आहे त्यावर. इथला ॲम्प्ली जोडा, मध्ये डबा, तो रेडिओ लावा, नॉब दोनवर—दोनवर ठेवा, हं—आणि स्पीकर उजव्या कानाशी घ्या. मी त्या पार्टिशनमागे जाते. वन टू थ्री नको, वन टू थ्री कुणीही मोठ्याने म्हणतं. मी तेच म्हणते, त्याच आवाजात, खाली बघून. लावलंत?

किती जणांना समजावत बसायचं मामा, पुढच्या स्थळाला सांगून टाका, वडील वारलेत म्हणून.

कोण बोललं? आत्ता, कोण बोललं बाहेर? ही मी होते? एवढ्याने? नाही, मी एवढ्याने नव्हते बोलले, काका, मी तर हळू बोलले होते, आईलासुद्धा मला पुन्हा सांगावं लागलं होतं—तुम्ही स्पीकर खाली का ठेवलात? बंद करा तो रेडिओ. डबा राहू दे तुमच्याकडे, माईकही राहू दे. मी जाते. शेठनी विचारलं तर सांगा, कुणी आलं नव्हतं.