पहिल्या नावाशी मोडलेला फेरा

मी नरोत्तम रतिलाल पाटील, वय ४९ वर्षे, धंदा शेती व वेबसाईट तयार करणे, राहणार पिंपळकोठ, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. रेवजी भिल हे तापीच्या पात्रात बुडून मयत झाले, त्या चौकशीकामी बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर कुटुंबासह राहतो. शिक्षण गावच्या शाळेत झाले. संगणकाचे काम पुढे शहाद्यात शिकलो. गावच्या उपसा सिंचन संस्थेची वेबसाईट मी तयार केलेली आहे.

उन्हाळ्यात आमच्या गावाखालच्या पात्रात डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या होतात. वाडी करणारी भिल कुटुंबे तिथेच झोपडी घालून राहतात. वरच्या बंधाऱ्यातून पाणी सुटणार असले की संस्थेला निरोप येतो. पूर्वी संस्थेचा माणूस थाळी वाजवत काठाने फिरायचा. वेबसाईट झाल्यापासून थाळी बंद आहे. आता कार्यालयात बटण दाबले की यादीतल्या प्रत्येकाला फोन जातो.

त्या फोनसाठी मी एक टॅग, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांचा संच, स्वतः लिहिलेला आहे. टॅग उघडतो आणि बंद होतो, त्याच्या मधला मजकूर एका नावासाठी एकदा चालतो. म्हणजे फोन लावणे, निरोप ऐकवणे आणि समजले असल्यास एकचे बटण दाबण्यास सांगणे. मग पुढचे नाव. यादी संपली की टॅग तपासतो. ज्यांनी बटण दाबले नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर पुन्हा चालतो. सगळ्यांनी दाबेपर्यंत असे फेरे होतात.

या फेऱ्यात मध्येच थांबण्याच्या दोन आज्ञा आहेत. पहिली, हे नाव सोड आणि पुढच्या नावावर जा. दुसरी, टॅगमधूनच बाहेर पड. दुसरी दिली की त्यानंतरचे एकही नाव घेतले जात नाही. चूक झाली असेही कुठे दिसत नाही. पानावर 'काम पूर्ण' एवढेच येते. जप करताना एखादा मणी सुटणे वेगळे आणि माळेचा दोरा तोडणे वेगळे. हे वाक्य लिहायची गरज नाही असे हवालदार म्हणाले. माझ्या आग्रहावरून लिहिले आहे.

संस्थेचे चेअरमन रूपचंद हिरालाल पाटील यांना गावात आबा म्हणतात. ते वाडी करत नाहीत, पात्रात उतरतही नाहीत. तरी यादीत पहिले नाव त्यांचे आहे. आमच्याकडे पत्रिका असो की फलक, मानाचे नाव आधी लागते. त्यांना फोन जायचा, पण ते एकचे बटण दाबायचे नाहीत. त्यामुळे त्यांचा फोन वाजत राहायचा.

मार्च महिन्यात कार्यालयात चहा चालू असताना ते मला म्हणाले, "नरोत्तम, हाई कटकट बंद कर रे भो. जेवाले बसनू का फोन, पूजाले बसनू का फोन."

मी म्हणालो, "आबा, एक दाबा ना. नाहीतर नाव काढी टाकूत."

"नाव कसाले काढस? पहिलं नाव मन्हंच ऱ्हाई. आनि मी एक दाबू? चेअरमन मी शे का ती मशीन?"

सगळे हसले. त्यांचा भाचा धीरज पुण्याहून संगणकाचे शिक्षण घेऊन आलेला आहे. तो म्हणाला, "मामा, एक ओळनं काम शे." मी त्याला तिथेच सांगितले की फक्त आबांचे नाव सोड, फेरा मोडू नको. तो म्हणाला, "काका, माले शिकाडू नका."

त्याने ओळ घातली. मग बटण दाबून पाहिले. सगळे आबांच्या फोनकडे बघत बसले. फोन वाजला नाही. आबा म्हणाले, "आते कशी शांती व्हयनी!" दुसऱ्या कोणाचा फोन वाजतो का, हे कोणीही पाहिले नाही. मी पाहू लागलो तेव्हा धीरजने लॅपटॉप मिटला. मी आबांना म्हणालो, यादीतल्या एकाला तरी विचारा. ते म्हणाले, "तुन्हा चहा थंडा व्हई ऱ्हायना."

रेवजी गेले त्या दिवशी दुपारी संस्थेत निरोप आला. बटण दाबले गेले. पानावर 'काम पूर्ण' आले. पाणी पात्रात आले तेव्हा रेवजी वाडीत होते. त्यांच्या पत्नी कालीबाई डांगरे घेऊन वर काठावर आल्या होत्या. घरातला एकच फोन, ज्याचा नंबर यादीत आहे, त्यांच्या कमरेच्या पिशवीत होता. मी काठावर पोचलो तेव्हा रेवजींना बाहेर काढले होते. त्यांच्या उजव्या मनगटाला शेळीचे दावे गुंडाळलेले होते. कालीबाई मला म्हणाल्या, "भाऊ, फोन मन्हा जोडेच व्हता. वाजनाच नही. वाजता तं मी हाक मारती ना."

विचारल्यावरून सांगतो की, रेवजी दारू पीत नव्हते. त्यांनी गळ्यात माळ घेतलेली होती. आमच्या मंदिरात आरतीला ते पायरीखाली उभे राहायचे. वर या म्हटले तरी येत नसत.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला कार्यालयात बोलावून एक टाईप केलेला कागद पुढे केला. रेवजी नशेत असल्याने त्यांनी फोन घेतला नाही, यंत्रणा चालू होती, असा त्यात मजकूर होता. खाली माझे नाव होते. आबा म्हणाले, "तो तं गया. धीरजनं लगीन जमी ऱ्हायनं. सही कर." मी सही केली नाही. कागद फाडून टेबलावर ठेवला. त्यावेळी मी त्यांना अरेतुरे केले, हे खरे आहे. याआधी कधी केले नव्हते. मला आत्ता हळू बोलण्यास सांगितले जात आहे. मी शांतपणे सांगितले असे लिहू नये.

आबांचे नाव आले की टॅगमधूनच बाहेर पड, ही धीरजची ओळ अजून तशीच आहे. मी तिला हात लावलेला नाही. ती पुसायला चहा पिण्याइतकाही वेळ लागणार नाही, म्हणून आजच पंचांसमोर तिची नोंद करावी अशी माझी मागणी आहे.

त्यावरून पोलीस ठाण्यातल्या संगणकावर वेबसाईट उघडून माझ्याकडून बटण दाबून घेण्यात आले. बाहेरच्या बाकावरून कालीबाईंना आत बोलावले होते. त्या दोन्ही हातांत फोन धरून उभ्या होत्या. पानावर 'काम पूर्ण' आले. आम्ही सगळे थांबलो. पंख्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने कालीबाई म्हणाल्या, "नही वाजना ना? मंग लिखा."

म्हणून लिहिले आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. कालीबाईंना तो मी अहिराणीत सांगितला. मी सांगितले तेच यात आहे. रेवजी नशेत होते असे यात आम्ही दोघांनी कुठेही म्हटलेले नाही, याची खात्री करून सही करतो.

समक्ष
नरोत्तम रतिलाल पाटील