पैलतीरचा वाटेकरी

—छे, छे, तो मोटारवाला वकील नको, लीला. शिवरामला सांग, काकूंनी साफ नको म्हटलंय. आणि उभी का तू, बस ना त्या पाटावर, मी हे परवर चिरता चिरता सांगते. मकान घ्यायचं म्हणजे काही बांगड्या भरणं नव्हे, की आवडल्या, चढवल्या, झालं. तुम्ही वाईहून आलात, तुम्हाला काशीची घरं काय ठाऊक? बाहेरून एक दार दिसतं, आत शिरावं तर पोटात आणखी तीन घरं, आणि एकेका कोठरीला एकेक वाटेकरी. म्हणून वकील हवा तो आपल्या गलीतला. हे घर आम्ही गेल्या कार्तिकात घेतलं ना, तेव्हा— थांब, मला हसू येतंय. तुला नाही गं हसत. हल्ली मला असंच येतं. कणीक मळताना येतं, मंगलागौरीच्या देवळाच्या पायऱ्या चढताना येतं. लोक म्हणत असतील, शास्त्रीबुवांची बायको उतारवयात खुळावली. म्हणोत.

तर काय सांगत होते? वकील. आमचा सारा संसार रामघाटावर, दुसऱ्याच्या घरात झाला. घरमालकाच्या पुतण्याचं लग्न ठरलं, आणि तो म्हणाला, जागा रिकामी करा. ह्यांना काय त्याचं? हे व्याकरणात बुडालेले. एका पायात स्वतःची वहाण आणि दुसऱ्या पायात विद्यार्थ्याची घालून पाठशाळेत जाणारा माणूस, तो घर काय बघणार? मीच बघितलं. दत्तात्रेयपंतांचं हे घर विकायचं होतं, पंत मुलाकडे ग्वाल्हेरला चालले होते. मला बघायचीसुद्धा गरज नव्हती, लहानपणापासून ह्याची वीट न् वीट ओळखते मी— म्हणजे काय, माझं माहेर बगलेलाच होतं, भिंतीला भिंत, छताला छत. ते राहू दे.

आधी गेलो त्या मोटारवाल्याकडे. मोठा बंगला, डोक्यावर पंखा, पायाशी कुत्रा. त्यानं कागद असे चाळले, तांदूळ पाखडावे तसे, आणि म्हणाला, मालक एकच, कागद स्वच्छ, खुशाल घ्या. घर बघायला येता का विचारलं, तर हसला. मग ह्यांचा एक चुलतभाऊ वकील आहे, तो स्वतःहून आला. पुरणपोळी जेवला, पंतांचं कौतुक केलं, आणि तोही म्हणाला, खुशाल घ्या. नात्यातला वकील कधी करू नये हो, त्याला आपण वाकडं विचारू शकत नाही आणि तो आपल्याला वाकडं सांगू शकत नाही. मला दोघांचंही पटेना. का ते विचारू नकोस. पटेना, बस्स. म्हणून गलीच्या तोंडाशी दिनानाथजी वकील राहतात ना, चबुतऱ्यावर गमछा गुंडाळून बसलेले असतात ते, त्यांच्यापुढे कागद नेऊन ठेवले. त्यांनी कागदाला हातच लावला नाही. म्हणाले, "माताजी, मकान बाद में देखिए, पहले वारिस देखिए." आणि मग आठवत आठवत बोलायला लागले, की पंतांच्या वडिलांच्या तेराव्याला मी जेवायला होतो, कढी छान झाली होती, आणि पिंड द्यायला त्या दिवशी एक नाही, दोन मुलं बसली होती. दुसरा कुठे गेला?

दुसरा म्हणजे विष्णु. पंतांचा धाकटा भाऊ.

पंतांना बोलावलं. ते म्हणाले, विष्णुनं तरुणपणीच संन्यास घेतला, घराला मेला तो. मोटारवाल्यालाही हे ठाऊक होतं म्हणे. संन्याशाला वाटा नसतो, म्हणून त्यानं आम्हाला सांगितलंही नाही. खरंच नसतो हो वाटा. संन्यास घेणारा स्वतःच्या हातानं स्वतःचं श्राद्ध करतो, होम होतो, मग तो सरकारदरबारीही मेलेलाच. पण दिनानाथजींनी पंतांकडे बघत विचारलं, "संन्यास घेतला, की घ्यायला गेला?" कुठला मठ, कोण गुरु, होम बघितला का कुणी? पंत उपरण्याचं टोक पिळत राहिले. तेव्हा दिनानाथजी आमच्याकडे वळले. तो नुसताच घर सोडून गेला असेल तर अर्धं घर आजही त्याचं आहे. उद्या तो येईल, नाहीतर त्याची मुलं येतील, आणि ह्या अंगणातून भिंत घालतील. नीलकंठ शास्त्रीजी, तुमची सगळी पुंजी ह्यात जाणार, म्हातारपणी पुन्हा कुणाच्या दारात उभे राहणार तुम्ही? हे आपले पंचांगात बघतात तसे शून्यात बघत बसले. आणि मी म्हटलं, त्याला शोधायलाच हवं. जरा मोठ्यानं म्हटलं बहुतेक, कारण ह्यांनी मान वर केली. अर्ध्या घराचा प्रश्न आहे, म्हटलं मी. खरंच होता की. नव्हता का?

आता तू असं बघतेस तर सांगते, पण त्यात काही नाही. विष्णु छतावर पतंग उडवायचा, आणि मी आमच्या छतावर पापड राखायला. पतंग आमच्याकडे पडायचा. इतका कसा पडायचा कोण जाणे. दोन्ही घरांत बोलणं झालं होतं म्हणे, पत्रिका बघितल्या, तर मला मंगळ. झालं. माघात माझं ह्यांच्याशी लग्न लागलं, आणि होळीच्या आत विष्णु गेला. लोक म्हणाले, वैराग्य आलं. मी काय म्हणणार? मी नव्या घरात, नवं नाव घेऊन पोळ्या लाटत होते. पण दारात भगवं वस्त्र आलं की मी पसाभर जास्त पीठ घालायची. आणि तोंड बघायची. रोज नाही गं. येतील तेव्हा.

तर मठ. दिनानाथजींनीच शोधला. आपल्याच भागातला, तिथे एक खूप म्हातारे स्वामी. विष्णुचं नाव काढताच ते बोळक्या तोंडानं असे हसले— म्हणाले, तो? होमाच्या आदल्या दिवशी उपास होता, तो पहाटेच पळाला. रामनगरला आहे, दर रामलीलेला मला रबडी पाठवतो.

हे म्हणाले, वकीलसाहेब जाऊन येतील, तू कशाला नावेत बसतेस, तुला पाणी लागतं. मी म्हटलं, घर मी निवडलंय, वाटेकरीही मीच बघणार. आणि गेले. नाव उलट्या धारेनं चाललेली, ऊन चढलेलं, दिनानाथजी कायदा सांगताहेत, हे मान डोलावताहेत, आणि मला एक अक्षर ऐकू येईना. माझ्या डोळ्यांपुढे जटा, दाढी, दंड, कमंडलू. इतकी वर्षं मी तोच बघत आले होते ना. आणि रामनगरच्या बाजारात, एवढी मोठी कढई, आणि तिच्यामागे एवढं मोठं पोट. उघडं, घामानं चमकणारं, मांडीवर विसावलेलं पोट. वर टक्कल. झाऱ्यानं साय कडेला ओढत बसलेला. मी विरक्त समजून ज्याच्यासाठी पीठ वाहिलं तो हा. त्यानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "बकुळ?"

माझं माहेरचं नाव आहे ते. आई गेल्यापासून ते कुणी उच्चारलं नव्हतं. आणि लीला, मला हसू फुटलं. भर बाजारात, नवऱ्यासमोर, वकिलासमोर, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. तोही हसायला लागला, ते पोट हलायला लागलं, मग काय विचारतेस. हे म्हणाले, काय झालं? दिनानाथजी म्हणाले, पहचान हो गई. तेव्हापासूनचं ते हसू, ते अजून गेलेलं नाही.

उपास सोसला नाही त्याला. घरी परतायची लाज वाटली, म्हणून गंगा ओलांडली. तिथल्या एका हलवायानं पोटाशी धरलं, पुढे त्याच्याच मुलीशी लग्न केलं, ती जातीची नव्हे, मग तर दादा ओट्यावरही उभं करणार नाही, म्हणून इतक्या वर्षांत अलीकडे आलाच नाही. ती बिचारी गेली, मुलं आता दुकान बघतात. दिनानाथजींनी त्याला सगळं समजावलं. तुम्ही जिवंत आहात, अर्धं घर तुमचं आहे. त्यानं हात पुसले, म्हणाला, पैसा नको मला, तो दादालाच घेऊ द्या. पण मी ह्या तीरावर राहतो, ही व्यासकाशी. इथे मेलेला पुढल्या जन्मी गाढव होतो म्हणतात. मला तेवढी वरची, गंगेकडची कोठरी द्या, आई जिथे गेली ती. तिथे मरू द्या मला.

दिनानाथजींनी आम्हाला बाजूला घेतलं. म्हणाले, विचार करा, हे एकदा खरेदीखतात लिहिलं की तो मरेपर्यंत त्याला कुणी उठवू शकणार नाही. आणि तो आज मरत नाहीये, तब्येत बघताय ना. चांगला वकील असा ओळखावा बघ, काम होत असतानाही घाबरवणारा. ह्यांनी तोंड उघडलं, आणि मी म्हटलं, हो. ह्यांच्या आधी. इतकी वर्षं मी ह्यांच्या आधी ताटावर बसले नाही, आणि तिथे हो म्हणून मोकळी झाले.

कचेरीत पंत पाठ करून बसले होते. विष्णु वाकला तर त्यांनी पाय आत ओढले. राजाच्या तोंडाचा तो स्टांपाचा कागद पुढे आला, विष्णुनं टाक घेतला, आणि हात अडला. किती वर्षांत मराठीत सही केली नव्हती त्यानं. सगळे खोळंबले. तेव्हा पंत उठले, मागून त्याचं मनगट धरलं, पाटीवर गिरवून घ्यावं तसं, आणि दोघांनी मिळून ते नाव लिहिलं. आणि पंत जाताना घाटावर त्याच्या दुकानची रबडी मागून घेऊन गेले, ग्वाल्हेरपर्यंत टिकणार नाही हे ठाऊक असून.

त्या संध्याकाळी हे पोथी उघडून बसले होते. म्हणाले, हाच का? मी म्हटलं, कोण हाच? तर म्हणाले, "भगवं दिसलं की पीठ जास्त घालायचीस. मला वाटायचं, पुण्यासाठी." आणि पान उलटलं. बस्स, तेवढंच. तेव्हा मात्र हसू नव्हतं आलं. आणि विष्णु गाठोडं घेऊन आला— मरायला नाही, म्हणाला, जागा बघून ठेवतो— तर दुसऱ्याच दिवशी ह्यांनी आपली बैठक उचलून वर त्याच्या कोठरीत नेली. एकट्याला करमणार नाही म्हणाले. त्याला करमणार नाही, का माझी राखण, देव जाणे. आता दोघं दिवसभर वर. हे त्याला सूत्रं समजावतात, तो ह्यांना दूध किती आटवावं ते सांगतो, आणि मी जिना चढून चढून गुडघे धरते. मला कुणी विचारत नाही, तरी पण सुखात आहे गं मी, अगदी सुखात, कशाला खोटं—

तू हे विचारलं नव्हतंस, नाही? तू वकिलाचं विचारायला आली होतीस. मग मी एवढं का— परवर सगळे चिरून संपले बघ, उद्याचेसुद्धा. ऊठ. दिनानाथजी आता चबुतऱ्यावर बसले असतील, त्यांच्याकडे जा, आणि कागद नंतर दाखवा, आधी त्यांचं ऐका. शिवरामला वकिलाचं तेवढं सांग. बाकी काही सांगू नकोस, बाकी काही झालेलं नाही. घर घेतलं, कागद केला, संपलं.

हाक आली का वरून? दोघांपैकी कुणाची होती? काही का असेना. तू जा. दार ओढून घे जाताना.