सृष्टीचं उत्तर

हॅलो?… हां, बोल कौशल्या… हो, आली. सकाळीच आली सृष्टी. झोपलीये आत… नाही, उठवणार नाही मी… अगं, मावशी असलीस तरी नाही. काय विचारायचंय ते मला विचार.

…

ट्रिप कशी झाली म्हणे! कौशल्या, तिथला पत्ता तू आणलेल्या त्या स्थळाला, इंद्रजीतला, कोणी दिला?… नाही, आधी हे सांग… "सहज विचारला म्हणून दिला." वा! उद्या एटीएमचा पिन सहज विचारेल. देशील?

ठरलं? काय ठरलं होतं?… एकदा कॉफी प्यायले दोघं, तीसुद्धा तू समोर बसलेली असताना. त्याला लग्न ठरलं म्हणत नाहीत.

हो, लाओसच. गावाचं नाव नाँग-काहीतरी, माझ्या तोंडात बसत नाही. नदीकाठचं लहानसं गाव. वर्षभर ऑफिसात मान मोडून काम केलं पोरीने, आणि पाठीवर सॅक टाकून गेली… हो, एकटी! एकटीलाच जायचं होतं तिला.

अगं ऐक ना… दिवस छान सुरू झाला होता गं. जिच्याकडे उतरली ती म्हातारी आणि ही, अंगणात बसून शेवाळाचे पापड घालत होत्या… शेवाळ. नदीतलं. वर तीळ पेरतात आणि उन्हात वाळवतात… ई काय? तू सुके बोंबील खातेस ते?

मग ही होडीने पलीकडच्या काठाला गेली, मनसोक्त भटकली. दुपारी परत येते तर काय, हिच्या खोलीपुढे टांगलेल्या झोळीत हा इंद्रजीत पसरलेला. बुटांसकट! "सरप्राइज!" म्हणाला… गोड? तुला ते गोड वाटतं?

थांब, पुढचं ऐक. त्याने म्हातारीकडे हिच्या खोलीची किल्ली मागितली होती. मी तिचा नवरा, म्हणाला… हो, नवरा! मोबाइलवर तिच्या भाषेत करून दाखवलं. तिने नाही दिली. देव तिचं भलं करो… गंमत? असली गंमत तुझ्या लेकीशी, पूर्णिमाशी कोणी केली असती तर?

… हं. आता नाही ना गंमत वाटत?

तरी त्या बाईने पाहुणा म्हणून ताट वाढलं. भात, तो पापड. ह्याने एक घास घेतला आणि थुंकला. तिच्या देखत गं! कठड्यावरून, खाली नदीत. आणि वर हसतोय… सृष्टी सांगत होती तेव्हा मला इथे पोहे गिळवेनात. शिसारी आली.

हो, हो… शिकलेला आहे, वाघोलीला फ्लॅट आहे. पाठ झालंय मला.

ही म्हणाली, तुम्ही जा इथून. तर म्हणतो कसा, "आत्ताच फिरून घे काय ते. लग्नानंतर एकटीला सोडणाऱ्यातला मी नाही." आणि मनगट धरलं. फोटोसाठी! अजून हिरवंनिळं आहे… मी स्वतः तेल लावलंय, मला काय सांगतेस?… तोच फोटो त्याने तुला पाठवला, आणि तू आपल्या ग्रुपवर टाकलास. 'दोघांची पहिली ट्रिप!' खाली बदाम. मोठा करून बघ जरा तिचा चेहरा.

मग काय! ओरडली ती. चांगलं मराठीत. म्हातारीला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. उठली, त्याची बॅग उचलली आणि रस्त्यावर नेऊन ठेवली. शेजारपाजारचे जमले, तेव्हा कुठे हलला… हो, गेला. पण पुढचे सगळे दिवस पोर मागे वळून बघत फिरली. ह्यासाठी गेली होती का ती एवढ्या लांब?

गैरसमज? कोण म्हणतं?… तो? कधी म्हणाला?… आत्ता?

… तुझ्या घरी आलाय? समोर बसलाय?… आणि फोन स्पीकरवर? मगापासून?

बरं झालं, माझा एक फोन वाचला. इंद्रजीतराव, नमस्कार. वासंती बोलतेय, सृष्टीची आई… नाही, आपण बोलू नका, ऐका. सृष्टीचं उत्तर 'नाही' आहे. तिचा फोटो आजच्या आज काढून टाका. आमच्या धायरीच्या घरापाशी किंवा तिच्या ऑफिसपाशी दिसलात, तर पुढचं बोलणं पोलीस चौकीत होईल… आवाज खाली. खाली!… ऐकलास, कौशल्या? हाच आवाज तिने परक्या मुलखात ऐकला. एकटीने.

रडू नकोस. उठव त्याला… आत्ताच. भाऊजी आहेत ना घरात? बोलाव… मी आहे फोनवर, दार उघड…

… गेला?… खाली उतरला?… कडी लाव.

हो गं… कळलं, कळलं. सॉरी तिला म्हण, मला नको. संध्याकाळी ये… ये, तिचा राग आहेच, तरी ये.

आणि काय गं, चहा दिला होतास त्याला?… कुठल्या कपात?… धुऊ नकोस. टाकून दे.

ठेवते.