चार नंबरच्या पाठीवर

—हो हो, कळलं. चार नंबर, आणि आडनावाच्या जागी ‘या, बसा’. मोठ्या अक्षरांत, समोरच्या स्टँडमधून वाचता आलं पाहिजे. चिठ्ठी आणलीत ते बरं केलंत. परवा एकजण तोंडी सांगून गेला आणि जर्सी न्यायला आला तेव्हा म्हणतो, मधला स्वल्पविराम कुठाय? संघ खालच्या गटात घसरला, आणि साहेबांना स्वल्पविराम हवाय! उभे का, ते स्टूल ओढा — बघा, तुम्हालाही म्हणायची वेळ आली, या, बसा. वीस मिनिटं लागतील. आधी ह्या पांढऱ्या फिल्ममधून अक्षरं कापायची, मग चिमट्यानं मधला फालतू भाग काढायचा, मग पाठीवर सरळ मांडून प्रेसखाली दाबायची. घाई करून चालत नाही, मांडणी तिरकी झाली की झाली, मग ती जर्सी फरशी पुसायला. मला काही नवीन नाही त्यात, तुमची बारावी. बारावी! पाच आठवड्यांत बारा जणांना एकच विनोद सुचला, आणि प्रत्येकजण चिठ्ठी पुढे करताना असा हसतो, जणू आत्ता रस्ता ओलांडताना त्याच्याच डोक्यातून निघालाय. तुम्हीही हसलात. हसा की, दुकान आहे, हसायला बंदी नाही.

आणि विनोद तरी काय हो? समोरून फॉरवर्ड आला की आपला डिफेंडर दारात उभं राहून पाहुण्याला म्हणावं तसं — या, बसा, पाणी घेता का, गोल करता का? कळतं मला. बावीस वर्षं एकाच स्टँडमध्ये एकाच खुर्चीवर बसतोय, मला समजावून सांगू नका. तुम्ही किती वर्षं येताय? — तीन. तीन वर्षं, आणि पाठीवर विनोद! बरं. म्हणजे जुना कोच बघितलाय तुम्ही, लोक हवालदार म्हणायचे तो. त्याचा खेळ आठवतो? चेंडू आला की हाणा, लांब हाणा, मैदानाबाहेर गेला तरी चालेल, पण आपल्या गोलसमोर नको. मग वर कुणाच्या तरी डोक्याला लागायचा, आत जायचा, एक-शून्य, चला घरी. दर पंधरा दिवसांनी एक-शून्य. आणि आपण काय करत होतो? नाकं मुरडत होतो. जिंकून घरी जाताना तोंडं अशी, की कुणाला पोचवून येतोय. हा काय खेळ आहे का म्हणे, ही काय मजूर लावून खणती चाललीय का म्हणे! तुम्ही नाही म्हणालात? म्हणाला असाल. सगळे म्हणत होते. आता तेच सगळे त्याच हवालदाराचे फोटो फोनवर लावून फिरतायत — काय माणूस होता, काय शिस्त होती! अरे, त्याच्या गाडीवर अंडी कुणी फेकली होती मग? पाहुण्यांनी?

तुम्हाला एक दाखवतो — नाही, राहू द्या, तो कागद आता इथं नाही. ह्याच काउंटरवर होता, गेल्या वर्षी. ‘आम्हाला सुंदर खेळ हवा’. दोन हजार सह्या गोळा झाल्या ह्या दुकानात. जर्सी न्यायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पेन दिलं मी. पहिली सही कुणाची असेल? माझी. घरात वाद झाला त्यावरून, सांगतो कधीतरी. मग क्लबनं हवालदाराला नारळ दिला आणि हा आणला, चष्मेवाला, लोक प्राध्यापक म्हणतात तो. आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, ह्यापुढे चेंडू लांब मारायचा नाही. गोलकीपरनं डिफेंडरला द्यायचा, डिफेंडरनं शेजारच्याला, त्यानं परत ह्याला — आडवा, आडवा, मागं, परत आडवा. नव्वद मिनिटांत चेंडू सत्तर टक्के आपल्याकडे आणि गोल त्यांचे. सामना संपला की हा फळ्यावर आकडे दाखवतो, बघा आपण किती पास दिले! पास दिले, घरी न्या आता पिशवीत घालून! आणि आपले शहाणे? पहिले चार सामने माना डोलावत होते. वा, काय नक्षी, काय विणकाम! पाचव्या सामन्यापासून शिट्ट्या. सत्तराव्या मिनिटाला उठून पार्किंगकडे पळायचं, आणि गाडीत बसून रेडिओवर शिव्या द्यायच्या, खेळाडूंत जिगर राहिली नाही म्हणून. जिगर! हे ट्रॅफिकला घाबरून पळणारे!

हात लावू नका, तापलंय ते. आधी चार दाबतो, मग वर अक्षरं.

आणि मग सगळ्या बारा गावच्या लोकांना एक माणूस सापडला खापर फोडायला. चार नंबर. का? तर तो चेंडू पायाशी ठेवून उभा राहतो. अहो, उभा राहतो कारण त्याला उभं राहायला सांगितलंय! प्राध्यापकाचा नियमच आहे, समोरचा अंगावर येईपर्यंत चेंडू सोडायचा नाही, तो अंगावर आला की मागं जागा रिकामी होते, तिथं द्यायचा. कागदावर फार छान. पण तो अंगावर येईपर्यंतचे ते दोन-तीन क्षण असतात ना, त्यात हजारो माणसं एकदम ओरडतात, अरे मार, अरे मार, अरे झोपलास का! आणि हवालदाराच्या वेळी हाच पोरगा त्यांचा लाडका होता हं. हाणायचा आणि मोकळा व्हायचा. तेव्हा ह्याच चार नंबरच्या जर्सी मी आडनावासकट छापून दमायचो, दिवसाला दहा-दहा. आता ते आडनाव कोणी मागत नाही. काय म्हणालात? मूळ आडनाव आहे का अजून, कापलेलं? वर पाटीवर आहे ना, दुकानाच्या. आत येताना वाचलं नाहीत?

हां. बसा, बसा, उठू नका. तेच. योगायोग नाही, मुलगा आहे माझा. एकुलता एक. म्हणजे कसं तोंड झालंय तुमचं! त्यात काय एवढं, तुमच्याआधी अकरा जण आले, त्यातल्या कोणीच वाचली नाही पाटी. मीही बोललो नाही. धंदा आहे. जो जे सांगेल ते छापायचं, पाठ त्याची. पहिल्या वेळी चिठ्ठी वाचली आणि म्हटलं, जर्सी उद्या देतो. रात्रभर म्हणत बसलो, नाही म्हणून सांगू. मग सकाळी मनात आलं, मी नाही म्हटलं तर पुढच्या चौकातला छापेल, आणि वर गावभर सांगेल, बापाला झोंबलं. म्हणून छापली. मग दुसरी आली. तिसऱ्यापासून हाताला कळेनासं होतं. त्याच्या आईला मात्र कळलं. दुपारी डबा घेऊन आली होती, आणि सहावी ह्या प्रेसखाली होती. डबा ठेवला आणि गेली. तेव्हापासून माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतं बोलते, भात हवा का, नको का, संपलं.

तो गोल? बघितलाय ना तुम्ही, सगळ्यांनीच बघितलाय, फोनवर गाणं लावून फिरवतायत. अठ्ठ्याऐंशीवं मिनिट, एक-एक बरोबरी, तेवढा एक पॉइंट मिळाला असता तरी वाचलो असतो. चेंडू ह्याच्या पायाशी. समोरून त्यांचा नऊ नंबर धावत येतोय. आणि हा — काय करतो? मान वळवून स्टँडकडे बघतो! कोणी डिफेंडर असं करतो? चेंडू पायाशी असताना प्रेक्षकांत काय आहे बघायला? नऊ नंबरनं अलगद काढून घेतला, गोलकीपर पुढं आलेला, संपलं. आणि मग मुलाखतीत म्हणाला, सूर्य डोळ्यांवर आला. त्यावर तर सगळे लोळले. ढग होते त्या दिवशी, दुपारपासून दिवे लावले होते मैदानावर, सूर्य कुठला आणतो हा! निदान खोटं तरी नीट बोल, असं त्या रेडिओवाल्यानं म्हटलं. बरोबर म्हटलं. त्याला खोटं बोलताच येत नाही, लहानपणापासून. परीक्षेत नापास झाला तरी दारातूनच सांगायचा.

सरळ बसलंय ना अक्षर? बघा बरं.

आमच्या घरामागं मैदान होतं. तीस-चाळीस पोरं एकदम खेळायची, दहा चेंडू, सगळा गोंधळ. अंधारायला लागलं की एकेका घरातून हाका सुरू व्हायच्या, कोणाची आई, कोणाची आत्या, आणि पोरं बहिरी! कोणी यायचं नाही. मी हाक मारायचो नाही. मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचो. हा पुढचा दात बघा, अर्धा तुटलाय, तरुणपणी पडलो होतो. त्यामुळे माझी शिट्टी शेवटी फाटते, वर जाऊन चिरकते. तशी कोणालाच येत नाही, पोरांनी प्रयत्न करून बघितले. ती वाजली की हा असेल तिथून पळत यायचा. चेंडू पायाशी असला, समोर गोल रिकामा असला तरी सोडून! बाकीची पोरं चिडायची. मला अभिमान होता त्याचा. शेजाऱ्यांना सांगायचो, माझ्या एका शिट्टीत येतो.

तर त्या दिवशी सगळे शिट्ट्या मारत होते. माझ्या पुढचा, मागचा, शेजारचा — बावीस वर्षांचे शेजारी ते, त्यांना माहीत आहे तो कोणाचा मुलगा. ते माझ्याकडे चोरून बघत होते, की हा गप्प का, पोराची बाजू घेतो का. आणि मलाही राग आला होता हो, खोटं कशाला बोलू. मार ना एकदाचा बाहेर! सुंदर खेळ मी मागितला होता, पण त्या क्षणी नको होता मला, काही नको होतं, फक्त तो चेंडू तिथून जाऊ दे. बोटं कधी तोंडात गेली कळलं नाही. वाजवली. एकच.

एवढ्या गोंगाटात त्याला ऐकू येईल असं मला कसं वाटणार?

त्यानं मान वळवली. नुसतं स्टँडकडे नाही बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझ्या खुर्चीकडे. सव्वीस वर्षांचा बाप्या माणूस, पण चेहरा — जाऊ द्या. मग लोक ओरडले तेव्हा मला कळलं की गोल झाला.

सूर्य डोळ्यांवर आला म्हणाला. आईलासुद्धा तेच सांगितलं त्यानं. खरं काय ते तिला मी सांगितलं नाही अजून. तुम्हाला का सांगितलं, देव जाणे. दुकानात आलेल्या परक्या माणसाला! मला शरम वाटते, कळलं? बारा जर्सी छापल्या म्हणून नाही, त्याचं काय, कापडच ते. पण त्या पोरानं पाच आठवडे सगळ्या गावाचं थुंकणं अंगावर घेतलं आणि एकदाही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. फोन करत नाही. मीही करत नाही. काय म्हणू फोनवर? लीग तर त्या गोलाबरोबरच संपली, उद्या नुसता मैत्रीचा सामना, पण इथला शेवटचा त्याचा, मग दुसऱ्या क्लबकडे, लांब, पार दुसऱ्या टोकाला. घरच्यांच्या रांगेतलं तिकीट पाठवलंय त्यानं. एक. आईच्या नावावर.

काय? नको? आता नको होय? दया आली! कोणावर आली, त्याच्यावर की माझ्यावर? राहू द्या साहेब, आली तशी जाईल, पहिल्या चुकलेल्या पासला. अकरा जण घालून बसणारच आहेत, तुम्ही एकट्यानं नाही घातली म्हणून काय त्याची पाठ झाकली जाणार आहे? झालीच आहे तयार. थोडी गार होऊ द्या, मग वरची फिल्म काढतो.

मी? उद्या? हे तुम्हाला कशाला पाहिजे! जाणार. बावीस वर्षं बसतोय, त्याच खुर्चीत बसणार, दुसरीकडे कुठं बसू? आणि टाळ्या वाजवणार. निरोपाच्या सामन्याला सगळेच वाजवतात म्हणा, आठवडाभर शिव्या देणारेसुद्धा उभे राहून वाजवतात, तेवढं नाटक जमतं आपल्याला. मीही वाजवीन, हात सुजेपर्यंत वाजवीन. पण एक सांगा मला, तुम्ही तीन वर्षं येताय, सांगा — एवढ्या गर्दीत टाळी कोणाची, हे खाली मैदानावर ओळखू येतं का हो? माझी वाजली काय, तुमची वाजली काय, त्याला कसं कळायचं त्यातली कुठली…

घ्या. घ्या ती जर्सी, आणि घडी घालू नका इतक्यात. निघा आता, मला बंद करायचंय. दार ओढून घ्या.